माशाचे नाव आणि माशाचे घर

इंग्रजी भाषेतील ‘बास’ हा शब्द मोठा फसवा आहे. शब्दकोशात पाहिल्यास ‘एक जातीचा मासा’ एवढाच अर्थ मिळतो. परंतु पाण्यापाशी जाऊन पाहू लागले, की हा एक मासा नव्हे, निरनिराळ्या कुळांतील अनेक माशांनी वाटून घेतलेले हे एक नाव आहे, असे ध्यानी येते. युरोपच्या किनाऱ्यावरील बास समुद्रात राहतो आणि खाडीच्या मुखाशी येतो. अमेरिकेतील पट्टेरी बास समुद्रात वाढतो, पण अंडी घालण्याकरिता नदीत चढतो. त्याच देशातील मोठ्या तोंडाचा बास उबदार, संथ, शेवाळाच्या पाण्यात दबा धरून बसतो. त्याचाच लहान तोंडाचा भाऊ मात्र स्वच्छ, थंड आणि खडकाळ प्रवाह पसंत करतो. पहिले दोन एका कुळातील, पुढचे दोन अगदी दुसऱ्या कुळातील. पाठीवरील काटेरी पर पाहून लोकांनी सर्वांना एकच नाव दिले, इतकेच.

आपल्या महाराष्ट्रात या नावाचा खरा वारसदार कोणी असेल, तर तो कोकणातील जिताडा होय. बंगाली लोक त्यास भेटकी म्हणतात. ब्लॉख नावाच्या जर्मन पंडिताने १७९० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १८२२ साली हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात त्याच्या बंगाली नावावरूनच एक लॅटिन नाव घडविले. याचे चरित्र विलक्षण आहे. अंडी खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात. बालपण खाजणात, भातशेतीच्या चरांत आणि गोड्या पाण्यात. आणि वयात आल्यावर पुन्हा खाडीकडे परत. त्यातही बहुतेक जिताडे प्रथम नर असतात आणि काही वर्षांनी त्यांची मादी होते. रायगड जिल्ह्यात अलिबाग आणि पेण यांच्या दरम्यान खारेपाट म्हणून जो भाग आहे, तेथील शेतकरी पावसाळ्यात खाडीतील जिताड्याची पिल्ले आणून घराशेजारच्या तळ्यात सोडतात व ती मोठी करतात. १९३३ ते १९३९ या काळात चरी गावचा प्रसिद्ध शेतकरी संप झाला, तो याच मुलखात. तेथे तळे आणि शेत ही एकाच संसाराची दोन अंगे आहेत.

आता कोणी विचारील, की नागपूरजवळच्या कन्हानचा आणि या खाडीच्या माशाचा संबंध काय? संबंध पाण्याचा आहे. कन्हान नदी छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्यावर उगम पावते, बिना संगमाजवळ पेंच आणि कोलार यांना पोटात घेते, कामठी आणि कन्हान गाव यांच्यामधून वाहते आणि आंभोऱ्यास वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढे प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे आमच्या पुलाखालून गेलेले पाणी अखेर अशा खाडीत पोहोचते, जेथे जिताड्याचे भाईबंद राहतात. पण तो मासा आमच्याकडे येत नाही. एक तर त्याचे घर खाडीच्या आसपासचे. शेकडो मैल वर चढून डोंगराच्या पायथ्याशी येणे हा त्याचा स्वभाव नव्हे. आणि दुसरे असे, की १८५२ साली धवळेश्वरम् येथे आर्थर कॉटन याचा बंधारा पुरा झाला, तेव्हापासून समुद्राकडून वर चढणाऱ्या माशांची वाट तेथेच अडली. नदीचे पाणी खाली जाते. मासा मात्र वर येऊ शकत नाही. धरण म्हणजे माणसाच्या दृष्टीने साठा आणि माशाच्या दृष्टीने भिंत, हा धडा आपल्या इतिहासात तेथपासून सुरू होतो.

मग कन्हानच्या पाण्यात कोण राहते? येथेही घरावरूनच माणसे ओळखावी, तसे मासे ओळखावे लागतात. सातपुड्याकडील गोटाळ, वाहत्या, स्वच्छ पाण्यात महासीर. हा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढतो आणि वाळू-गोट्यांवर अंडी घालतो. खोल डोहात शिवडा, रुंद जबड्याचा व लोभी. दगडांच्या कपारीत आणि चिखलात वाम. तळाशी मिशा हलवीत फिरणारी शिंगटी. गाळात मागूर, जो पाणी आटले तरी हवा घेऊन तग धरतो. आणि संथ, गवताळ पाण्यात मरळ. ही मरळ मला अमेरिकेतील त्या मोठ्या तोंडाच्या बासाची आठवण करून देते. कुळ अगदी भिन्न. परंतु दोघांचे घर सारखे, म्हणून वागणूकही सारखी. दोघेही शेवाळात दबा धरतात, दोघेही झडप घालून भक्ष्य पकडतात आणि दोघेही आपली पिल्ले मोठी होईतो राखण करतात. घर स्वभाव घडविते, हे माणसांइतकेच माशांनाही लागू आहे.

या माशांची ओळख शास्त्राला कशी झाली, हा इतिहास आपण मराठी माणसांनी अभिमानाने वाचण्याजोगा आहे. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२४ पासून १८३१ पर्यंत मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करीत होता. भीमेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठी त्याने कोळी-भोयांकडून मासे घेतले, त्यांची नावे विचारली आणि १८३९ साली दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याने नवीन जातींना लॅटिन नावे दिली खरी, परंतु त्यांत आपले शब्द जसेच्या तसे राहू दिले. खुद्री, शिंगटी, कोळस, नुक्टा, सांडखोल, हे आपल्या नदीकाठच्या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या माणसांचे शब्द आज पृथ्वीच्या पाठीवरील कोणत्याही देशाच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथात आढळतात. ज्याने मासा प्रथम पाहिला, त्याचे नाव कोठेही नोंदले गेले नाही. पण त्याने दिलेले नाव मात्र अमर झाले.

त्या वेळी नागपूर अद्याप भोसल्यांकडे होते. कामठीची छावणी मात्र १८२१ सालीच वसली होती. १८५३ साली तिसरे रघूजी निवर्तले, राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. पुढे फ्रान्सिस डे हा मत्स्यखात्याचा अधिकारी देशभर हिंडला. १८७३ च्या आपल्या अहवालात त्याने बारीक जाळी, विष आणि बंधारे यांमुळे गोड्या पाण्यातील मासे घटत असल्याची तक्रार मांडली आणि १८७५ ते १८७८ या काळात हिंदुस्थानातील माशांवर आपला महाग्रंथ काढला. या तक्रारींना काही फळ आले, ते १८९७ च्या कायद्याच्या रूपाने. त्या कायद्याने सुरुंगाची दारू उडवून वा विष टाकून मासे मारण्यास बंदी केली. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींचे जे चार खंड प्रसिद्ध केले, त्यांत ढिवरांचे वर्णन आहे: मासेमारी, पालखी वाहणे, पाणी भरणे, शिंगाडे लावणे. पाण्याशी संबंध आलेले प्रत्येक काम या समाजाने केले, असेच म्हणावे लागते.

आणखी एक नाव घेतले पाहिजे, ते डॉ. सुंदरलाल होरा यांचे. आसाम आणि मलाया येथील डोंगरी ओढ्यांतील माशांचे जवळचे नातलग सह्याद्रीत का आढळतात, मधल्या सपाट प्रदेशात का आढळत नाहीत, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी १९४० नंतरच्या दशकात असे मत मांडले, की फार प्राचीन काळी हे मासे सातपुड्याच्या रांगेने, ओढ्याओढ्यातून, पश्चिमेकडे आले असावेत. पुढील पंडितांनी या मतावर आक्षेप घेतले आहेत आणि वाद मिटलेला नाही. तथापि, ज्या डोंगरातून आमची कन्हान निघते, तो डोंगर माशांचा राजमार्ग असावा, ही कल्पनाच किती भव्य आहे!

असो. आता वर्तमानाकडे येऊ. पेंचवर तोतलाडोहचे धरण झाले. गावाच्या नावातच डोह आहे. तो डोह आज जलाशयाखाली गेला. धरणाने नागपूरला पाणी दिले, शेतीला दिले, वीज दिली. हे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जंगलातून उठविलेल्या आदिवासींची उपजीविका त्याच जलाशयावर येऊन ठेपली. १९९७ साली तीनशे पाच कुटुंबांच्या मासेमारीच्या परवान्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका बाजूस वाघाचे अरण्य, दुसऱ्या बाजूस पोटाची भाकर; न्यायालयाने ओळखपत्रे, देखरेख आणि इतर अटी घालून दोघांचा मेळ बसविण्याचा प्रयत्न केला. खाली कन्हानच्या परिसरात कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्रे आली. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हा राखेचा गाळ नाल्यातून नदीकडे वाहत गेला. महासीर ज्या गोट्यांवर अंडी घालतो, त्यांवर असा गाळ बसला, तर त्याने कोठे जावे?

दुसरा बदल असा. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुळ येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून मेजर कार्प माशांची अंडी मिळविली. त्याआधी बीज पुराच्या नदीतून गोळा करावे लागे. आता ते हवे तेव्हा, हवे तेथे मिळू लागले. रोहू, कटला, मृगळ यांनी गावोगावची तळी भरली आणि गरिबाच्या ताटात मासा आला. हे मोठे काम झाले. परंतु १९५२ साली मूळचा आफ्रिकेतील तिलापियाही आला आणि जिथे गेला तिथे इतरांची जागा घेऊ लागला. परक्या माशाचे परिणाम जगाने पाहिले आहेत. १९२५ साली अमेरिकन बास जपानच्या आशी सरोवरात सोडला. तेथून तो देशभर पसरला आणि २००५ साली अमलात आलेल्या कायद्याने जपानला त्याच्यावर बंदी घालावी लागली. ग्वाटेमालातील आतित्लान सरोवरात १९५८ च्या सुमारास शिकारीच्या हौसेने तोच मासा सोडण्यात आला. त्याने लहान मासे आणि खेकडे खाऊन टाकले. तेथील एक पाणपक्षी, जो जगात अन्यत्र कोठेही नव्हता, तो या व इतर कारणांनी कायमचा नष्ट झाला. बास स्वतः दुष्ट नव्हता. त्याला चुकीच्या घरात नेऊन सोडले होते.

मी आयुष्यभर मुलांना शिकविले. नदीतल्या माशांची नावे विचारली, की अलीकडे रोहू आणि कटला एवढीच उत्तरे येतात. म्हणजे बाजारात जे आहे, तेच नदीत आहे असे त्यांना वाटते. जे नाव कोणी घेत नाही, तो मासा नाहीसा झाला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. पाणी आणि त्यातील प्राणी यांची कोणतीही योजना आखताना प्रथम विचारावयाचा प्रश्न असा, की येथे मुळात कोण राहत होते. त्याचे उत्तर ग्रंथात थोडे आणि ढिवरांच्या वृद्ध माणसांपाशी अधिक आहे. साइक्सने दोनशे वर्षांपूर्वी नदीकाठी बसून ते विचारले. आपण तर त्याच नद्यांच्या काठी जन्मलो आहोत. पुढच्या रविवारी आपल्या मुलांना घेऊन नदीवर जावे, जाळे आवरीत असलेल्या एखाद्या वृद्धाशी आदराने बोलावे, आणि तो जी नावे सांगेल ती एका वहीत लिहून ठेवावी. माशासोबत त्याचे पाणी कसे होते, हेही विचारावे. डोहातला की धारेतला, गोट्यावरचा की गाळातला. ती वही सरकारी अहवालाइतकी मोठी नसेल, पण ज्या दिवशी कोणी कन्हानचा मासा परत आणू म्हणेल, त्या दिवशी त्याला पहिली गरज तिचीच लागेल.