संपादक डु बॉइस आणि शाळेचा प्रश्न

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्यांच्या शिक्षणाच्या लढ्याचाही इतिहास आहे. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डु बॉइस (१८६८–१९६३) यांच्या बाबतीत तर हे विधान विशेषच खरे ठरते. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारे (१८९५) ते पहिले कृष्णवर्णीय होत. विद्यार्थिदशेत उन्हाळ्याच्या सुटीत टेनेसी राज्यातील एका खेड्यात त्यांनी मास्तरकी केली होती. मोडक्या बाकांवर बसणारी मुले त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती.

नोव्हेंबर १९१० मध्ये त्यांनी ‘द क्रायसिस’ हे मासिक सुरू केले. १९१९ च्या सुमारास त्याचा खप १,००,००० पर्यंत पोहोचला. मासिकाचा शिक्षणविषयक खास अंक दरवर्षी निघे आणि त्यात नव्या पदवीधरांची छायाचित्रे छापली जात. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथे चालविलेल्या धंदेशिक्षणावरच समाजाने समाधान मानू नये, त्याला उच्च विद्येचीही तितकीच गरज आहे, हे त्यांनी १९०३ सालीच ठामपणे मांडले होते. मासिकाच्या द्वारे तोच विचार घरोघर गेला.

तथापि खरा पेच पुढेच होता. १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे परंतु समान’ हे तत्त्व मान्य केले होते. दक्षिणेकडील राज्यांनी त्यातील ‘वेगळे’ तेवढे उचलले. ‘समान’ कागदावरच राहिले. मासिक ज्या संघटनेचे मुखपत्र होते, ती एन.ए.ए.सी.पी. पृथक्करणाच्या समूळ उच्छेदासाठी झगडत होती. अशा वेळी, जानेवारी १९३४ पासून, डु बॉइस यांनी आपल्याच समाजाच्या संस्था स्वेच्छेने बळकट करण्याचा पक्ष घेतला. वाद विकोपाला गेला आणि त्याच वर्षी, २४ वर्षे सांभाळलेले संपादकपद त्यांनी सोडले.

१९३५ साली ‘जर्नल ऑफ निग्रो एज्युकेशन’ या नियतकालिकात त्यांनी कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळा हव्यात काय, हाच प्रश्न चर्चेला घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: इतर गोष्टी सारख्या असतील तर मिश्र शाळा केव्हाही श्रेष्ठ, परंतु जेथे शिक्षक तुच्छतेने वागवितो आणि सहाध्यायी हिणवितात, तेथे मूल शिकत नाही, खचते. शिक्षणाची पहिली अट शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील आपुलकी ही होय. म्हणून शाळेचे नाव वा वर्ण न पाहता, तेथे मुलाला खरी विद्या मिळते की नाही, हे पाहावे.

या मतावर झालेली टीका निराधार नव्हती. तिजोरीच्या किल्ल्या गोऱ्यांच्या हाती असताना वेगळ्या शाळेला समान पैसा मिळणार कोठून? १८९६ ते १९५४ या ५८ वर्षांचा अनुभव टीकाकारांच्याच बाजूने साक्ष देतो. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्याच्या निकालाने पृथक शाळा घटनाबाह्य ठरल्या. परंतु त्यानंतर जे घडले, ते डु बॉइस यांच्या शंकेला पुष्टी देणारे होते. दक्षिणेत शाळा एकत्र होताना कृष्णवर्णीयांच्या शाळाच बंद पडल्या व त्यांतील हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या.

‘निवड’ या शब्दाचेही असेच झाले. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने मुले एकत्र बसू नयेत म्हणून १९५९ ते १९६४ पर्यंत सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांना खासगी शाळांसाठी अनुदान मिळाले. कृष्णवर्णीय मुले मात्र शाळेवाचून राहिली. उलट १९९० साली विस्कॉन्सिन राज्याने मिलवॉकीतील गरीब पालकांना सरकारी खर्चाने खासगी शाळा निवडण्याची मुभा दिली, तेव्हा त्या कायद्यासाठी झटल्या त्या पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय आमदारच होत्या. एकाच शब्दाने एका ठिकाणी दार लावले, दुसऱ्या ठिकाणी उघडण्याचा प्रयत्न केला.

मराठी वाचकाला येथे १९४६ सालचा एक पत्रव्यवहार आठवावा. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि त्यांनीही सहानुभूतीचे उत्तर पाठविले होते. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. संस्था आपली, पण प्रवेश सर्वांना, असे तिचे रूप होते.

डु बॉइस यांचा उपाय काळाने पूर्णपणे स्वीकारला नाही. परंतु धोरण कोणतेही असो, वर्गात बसलेल्या मुलाकडे शिक्षक कोणत्या दृष्टीने पाहतो, हा त्यांचा प्रश्न कोणत्याही निकालाने वा कायद्याने सुटलेला नाही. त्याचे उत्तर अखेर शिक्षकालाच द्यावे लागते.