शिकारीच्या मांसावरचं पांढरं कापड

1668 साली फ्लॉरेन्समध्ये फ्रांचेस्को रेडी या वैद्याचं कीटकांच्या उत्पत्तीवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. सडक्या मांसात अळ्या आपोआप जन्माला येतात, हा समज तोवर पक्का होता. ॲरिस्टॉटलपासून विद्वान तेच मानत आले होते. रेडीनं तो खोडून काढला आणि त्याच्या बरण्यांना जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कायमची जागा मिळाली. पण पाठ्यपुस्तकं बहुधा एक गोष्ट गाळतात. माशीवर आपला संशय का गेला, हे सांगताना रेडी शिकाऱ्यांचा आणि खाटकांचा दाखला देतो: उन्हाळ्यात ही माणसं मांसावर पांढरं कापड झाकतात. 'इलियड'च्या एकोणिसाव्या सर्गातला अकिलीसही त्याला आठवतो. मेलेल्या मित्राच्या, पॅट्रोक्लसच्या, जखमांवर माश्या बसतील आणि अळ्या पडतील, ही अकिलीसची धास्ती रेडीला खरी वाटते. म्हणजे जी गोष्ट विद्यापीठांत वादाची होती, ती रानात आणि खाटिकखान्यात रोजच्या कामाची होती. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात किंवा अलास्कात एल्क, मूस अशी थोराड हरणं मारल्यावर त्यांचं मांस आजही कापडी पिशव्यांत घालून झाडाला टांगतात. त्या पिशव्या याच रीतीतल्या. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आली, त्यामुळे ही रीत मराठी वाचकाच्या हाताखालची नाही. तिचा इतिहास मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण त्यात श्रेयाची वाटणी चुकलेली दिसते. पिशवी कोणत्या कापडाची असावी यावर खूप बोललं जातं. पण मांस टिकतं ते मुख्यतः टांगल्यामुळे. कापडाचं काम एवढंच की माशीला अडवावं आणि टांगणीच्या कामात आडवं येऊ नये.

याचा पुरावा खुद्द रेडीच्या प्रयोगातच आहे. जुलैच्या मध्यावर त्यानं साप, मासे, आर्नो नदीतल्या वामी आणि वासराच्या मांसाचा तुकडा वेगवेगळ्या बरण्यांत घातला. काही बरण्या पक्क्या बंद केल्या, काही उघड्या ठेवल्या. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, बंद बरण्यांत झाल्या नाहीत. बंद बरणीत हवाच गेली नाही म्हणून जीव उपजला नाही, असं कुणी म्हणेल हे ओळखून त्यानं पुढचा प्रयोग नेपल्सच्या तलम जाळीदार कापडानं केला. हवा आत जाईल, माशी जाणार नाही, अशी सोय. एवढ्यावर न थांबता ती बरणी त्याच कापडानं मढवलेल्या चौकटीत ठेवली. मांसाला अळ्या लागल्या नाहीत. पण बाहेरच्या कापडावर त्या वळवळताना दिसल्या. मांसाच्या वासानं आलेल्या या अळ्या जाळीच्या बारीक छिद्रांतून आत घुसल्या आणि रेडीनं त्या चटकन काढल्या नसत्या, तर बरणीतही पोचल्या असत्या. यातून दोन गोष्टी दिसतात. एक, कापड मांसाला चिकटून असेल तर नुसत्या जाळीचा भरवसा नाही. माशीला अंडी घालायला कापडाचा बाहेरचा भाग पुरतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. बंद बरण्यांत अळ्या नव्हत्या, तरी आतला जिन्नस कुजून त्याला घाण सुटली होतीच. माशी थांबली म्हणून कुजणं थांबलं नाही. ते का थांबत नाही, हे कळायला पुढं दोनशे वर्षं जावी लागली आणि पाश्चरच्या जंतूंवरच्या कामाची वाट पाहावी लागली.

रानातल्या माणसाला जंतू ठाऊक नव्हते, पण उष्णता ठाऊक होती. मोठं हरीण पडतं तेव्हा त्याचं अंग 38–39 अंश सेल्सिअस तापलेलं असतं आणि केसाळ कातडं ती ऊब धरून ठेवतं. सर्वांत मोठा धोका मागच्या मांडीत. तिथं मांसाचा थर जाड, मधोमध मोठं हाड. बाहेरून हात लावला तर गार लागतं आणि हाडालगत मांस आंबायला लागलेलं असतं. म्हणून आतडी लगेच काढायची, कातडं सोलायचं, पाय धडापासून वेगळे करायचे आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र पिशवीत घालायचा. मग दोन झाडांमध्ये आडवा वासा बांधून, मागच्या पायाच्या घोट्यामागल्या जाड शिरेतून दोर ओवून, सावलीत टांगायचा. एक तुकडा दुसऱ्याला टेकता कामा नये, नाहीतर तेवढी जागा ओली आणि उबदार राहते. चारही बाजूंनी वारं लागलं की वरचा थर सुकतो आणि त्यावर काळसर, कडक पापुद्रा धरतो. हा पापुद्राच खरं संरक्षण आहे. कोरड्या पृष्ठावर जंतू नीट वाढत नाहीत आणि ओल शोधणारी माशीही तिथं अंडी घालायला नाखूश असते.

पिशवीची निवडही या पापुद्र्याच्या हिशेबानंच करावी लागते. सैल विणीचं, ताणलं जाणारं जाळीदार कापड स्वस्त पडतं, पण मोठ्या मांडीवर चढवताच त्याची भोकं रुंदावतात आणि ते रक्तानं मांसाला चिकटतं. मांस सडवणारी निळी-हिरवी माशी एका वेळी दीड-दोनशे अंडी घालते आणि उबेत ती दिवसभरात फुटतात. तिला एक भोक पुरे. आपल्या मांजरपाटासारखं घट्ट विणीचं सुती कापड माशी अडवतं आणि वाराही जाऊ देतं. त्याची खोड एकच, भिजलं की जड होतं आणि सुकायला वेळ घेतं. अलीकडच्या कृत्रिम धाग्याच्या पिशव्या हलक्या असतात, लवकर सुकतात, धुऊन पुन्हा वापरता येतात. रंग पांढरा किंवा फिकट असला म्हणजे घाण, ओल डोळ्यांना दिसते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी आणि त्यांच्या-युरोपीयांच्या मिश्र वंशातल्या मेती लोकांनी पेमिकन ज्या पिशव्यांत भरलं, त्या कच्च्या कातड्याच्या होत्या आणि हवाबंद होत्या. सुकवून कुटलेलं बायसनचं मांस, त्यावर ओतलेली वितळलेली चरबी, आणि शिवून टाकलेलं तोंड. अशी सुमारे 40 किलोची पिशवी वर्षानुवर्षं टिकायची आणि तिच्यावर फरच्या कातड्यांचा अख्खा व्यापार जगायचा. मग वाऱ्याचं एवढं कौतुक कशाला? उत्तर पाण्यात आहे. पेमिकनच्या मांसातलं पाणी पिशवीत भरण्याआधीच उन्हानं आणि धुरानं काढून टाकलेलं असे. ताज्या मांसात जवळपास तीन-चतुर्थांश पाणीच असतं. ते बाहेर पडायला वाट नसेल तर तीच हवाबंद पिशवी मांस नासवते. ताजं, गरम मांस प्लास्टिकच्या पिशवीत कोंबणारे नेमकी हीच चूक करतात.

दुसरा आक्षेप थंडीचा. शिकारीचा हंगाम शरदात आणि हिवाळ्यात असतो, तेव्हा माश्याही नाहीत आणि उष्णताही नाही, मग एवढा खटाटोप का? कडाक्याच्या, कोरड्या थंडीत हे बरंचसं खरं आहे. पण अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीनं 1805–06 चा हिवाळा प्रशांत महासागराजवळ फोर्ट क्लॅटसॉप इथं काढला, तेव्हा हवा सौम्य होती आणि पाऊस खळत नव्हता. एल्क मिळत होते, पण मांस नासत होतं. ते धुरावर धरत राहावं लागलं आणि मिठासाठी माणसं समुद्रकाठी पाठवून खारं पाणी आटवावं लागलं. हिवाळा होता, नव्हता तो कोरडा वारा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या जमीनदारांनी शिकार ठेवायला ज्या कोठ्या बांधल्या, त्यांना जाळीच्या खिडक्या आणि छताला झरोके असत ते याचसाठी. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे आलेलं जाळीचं कपाट, ज्याचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तेही याच विचाराचं: माशी बाहेर, वारा आत.

यंत्रानं थंडी तयार करता आल्यावर तरी हा विचार जुना झाला का? 15 फेब्रुवारी 1882 ला न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून 'डनिडिन' हे शिडाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन लंडनला निघालं. मेंढ्या, कोकरं आणि डुकरं मिळून 4,951 धडं होती आणि गार हवा करणारं यंत्र सोबत होतं. उष्ण कटिबंधात जहाज रेंगाळलं, तेव्हा गार हवा कोठारात सगळीकडे पोचत नाही असं दिसून आलं. यंत्र चालू होतं, थंडी होती, वारा खेळत नव्हता. कप्तान जॉन व्हिट्सन स्वतः हवेच्या नळीत शिरला आणि करवतीनं जादा भोकं पाडताना गारठून बेशुद्ध पडायची पाळी आली. दोर बांधून त्याला बाहेर ओढावं लागलं. भोकांनी काम केलं. 24 मे ला जहाज लंडनला पोचलं आणि एवढ्या धडांपैकी नाकारावं लागलं ते फक्त एक.