शाळकरी खेळाडूंची डोप टेस्ट कोण घेऊ शकतं? नांदेड-लातूरच्या पालकांना माहीत असाव्यात अशा गोष्टी

शालेय स्पर्धेचा रस्ता ठरलेला असतो. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलं-मुली या रस्त्याने पुढे सरकतात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या खेळाडूंचा यातला विभागाचा टप्पा म्हणजे लातूर विभाग.

खालच्या टप्प्यांवर कुणी लघवीचा नमुना मागत नाही. राष्ट्रीय पातळीवर मात्र तो कुणाकडूनही, अचानक मागितला जाऊ शकतो. सर्दीसाठी घेतलेलं औषध, जिममधल्या 'सरां'नी दिलेली पावडर किंवा वजन उतरवण्यासाठी घेतलेली गोळी, यातली एखादी गोष्टही तिथे महागात पडू शकते.

दुसरीकडे 'शाळेतल्या सगळ्याच मुलांची ड्रग टेस्ट करा' अशी मागणीही अधूनमधून होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या नीट समजून घेऊया.

डोप टेस्ट आणि ड्रग टेस्ट यात फरक काय?

खेळात फायदा मिळवण्यासाठी बंदी असलेलं द्रव्य घेतलं आहे का, हे डोप टेस्ट तपासते. जागतिक उत्तेजक द्रव्य विरोधी संस्था म्हणजे 'वाडा' दरवर्षी बंदी असलेल्या द्रव्यांची यादी काढते. भारतात तपासणीचं काम राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी संस्था म्हणजे 'नाडा' करते. नाडाची स्थापना २००५ मध्ये झाली आणि २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी कायद्याने तिला कायद्याचा आधार मिळाला.

ड्रग टेस्टमध्ये व्यक्तीने नशेचे पदार्थ घेतलेत का, एवढंच पाहिलं जातं. तिचा खेळाशी संबंध असेलच असं नाही.

दोन्ही याद्या काही ठिकाणी एकमेकींना भिडतात. गांजा, कोकेन आणि मेफेड्रोन म्हणजेच एमडी यांवर खेळातही बंदी आहे, पण फक्त स्पर्धेच्या काळात. अॅनाबॉलिक स्टिरॉइड आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर मात्र वर्षभर बंदी असते. आणि ज्याची शाळांना सर्वांत मोठी डोकेदुखी आहे तो गुटखा? महाराष्ट्रात त्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण वाडाच्या यादीत त्याचं नाव नाही. दारूही त्या यादीत नाही. म्हणजेच डोप टेस्ट 'निगेटिव्ह' आली याचा अर्थ मूल व्यसनापासून लांब आहे, असा होत नाही.

शाळकरी मुलं खरंच सापडतात का?

हो. २०१८ च्या सुरुवातीला दिल्लीत पहिल्या 'खेलो इंडिया स्कूल गेम्स' झाल्या. ही १७ वर्षांखालील मुलांची स्पर्धा होती आणि तिथे १२ खेळाडू डोप टेस्टमध्ये अडकले. पुढच्याच वर्षी ही स्पर्धा 'खेलो इंडिया यूथ गेम्स' या नावाने पुण्यात बालेवाडीला झाली. तेव्हापासून महाराष्ट्राने या स्पर्धेत अनेकदा पहिला क्रमांक मिळवला आहे. राज्यातली शाळकरी मुलं या तपासणीच्या कक्षेत किती मोठ्या संख्येने येतात, हे त्यावरून लक्षात येतं.

वाडाने जानेवारी २०२४ मध्ये अल्पवयीन खेळाडूंवर एक अहवाल काढला. २०१२ पासून जगभरात १,४१६ अल्पवयीन खेळाडूंचे नमुने पॉझिटिव्ह आल्याचं त्यात म्हटलं आहे. त्यांतला सर्वांत लहान खेळाडू १२ वर्षांचा होता. सर्वांत जास्त वेळा सापडलेलं द्रव्य होतं फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवून शरीरातलं पाणी कमी करणारं औषध.

वजनगटात बसण्यासाठी एक-दोन किलो झटपट उतरवणं हा कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदोसारख्या खेळांतला जुना प्रकार आहे. रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार आणि अर्जुन पुरस्कार विजेते काका पवार यांच्या लातूर जिल्ह्यात कुस्ती घराघरात आहे, त्यामुळे ही गोष्ट इथल्या पालकांनी विशेष लक्षात ठेवावी. अशा गोळीमुळे शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होतात, पायात गोळे येतात आणि हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो. डोपिंगमध्ये अडकणं ही त्यानंतरची गोष्ट.

'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालतं का?

चालत नाही. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच, हा डोपिंगविरोधी नियमांचा पाया आहे. महाराष्ट्राने याची दोन मोठी उदाहरणं पाहिली आहेत.

• पृथ्वी शॉ : फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान त्याचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालिन सापडलं. हे द्रव्य खोकल्याच्या अनेक औषधांत असतं. खोकल्यासाठी औषध घेतल्याचं त्याचं म्हणणं बीसीसीआयने मान्य केलं, तरीही ८ महिन्यांची बंदी लागली. तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

• नरसिंग यादव : तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या या मल्लाच्या नमुन्यात २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर मेथँडिनोन हे स्टिरॉइड सापडलं. आपल्याविरुद्ध कट झाल्याचं त्याने सांगितलं. नाडाच्या समितीने त्याला निर्दोष ठरवलं, पण क्रीडा लवादाने १८ ऑगस्ट २०१६ रोजी ४ वर्षांची बंदी घातली.

दोन्ही खेळाडूंकडे वकील होते, संघटना होत्या, माध्यमांचं लक्ष होतं. लोहा किंवा औसा तालुक्यातल्या दहावीच्या मुलाकडे यातलं काय असणार?

चाचणी नेमकी कशी होते?

१. डोप कंट्रोल अधिकारी खेळाडूला निवड झाल्याचं कळवतो आणि सही घेतो. त्या क्षणापासून खेळाडू सतत नजरेखाली असतो.

२. लघवीचा किमान ९० मिलिलिटर नमुना लागतो. नमुना देताना त्याच लिंगाचा अधिकारी समोर असतो.

३. नमुना 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत विभागून सीलबंद होतो. बाटलीवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो.

४. गेल्या काही दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट फॉर्मवर लिहायची असतात.

५. 'ए' नमुना पॉझिटिव्ह आला तर 'बी' नमुना तपासण्याची मागणी खेळाडू करू शकतो.

चौथा मुद्दा अनेक मुलं घाईत किंवा भीतीपोटी सोडून देतात. नंतर बाजू मांडताना हाच कागद उपयोगी पडतो, म्हणून साधी क्रोसिनसुद्धा लिहावी.

अल्पवयीन मुलांना वेगळं संरक्षण आहे का?

आहे, आणि ते बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं.

• चाचणीच्या वेळी पालक, प्रशिक्षक किंवा अन्य मोठी व्यक्ती प्रतिनिधी म्हणून सोबत राहू शकते. नमुना देताना प्रतिनिधीने मुलाकडे पाहायचं नसतं. अधिकारी आपलं काम नीट करतोय ना, यावर लक्ष ठेवण्यासाठी तो तिथे असतो.

• २०२१ च्या जागतिक संहितेत १६ वर्षांखालील खेळाडूंना 'संरक्षित व्यक्ती' मानलं आहे. १८ वर्षांखालच्या बहुतेक शालेय खेळाडूंनाही हे संरक्षण मिळतं. मोठी चूक नव्हती हे सिद्ध झालं तर त्यांना फक्त समज देऊन सोडता येतं. अशा वेळी बंदी २ वर्षांच्या पुढे जात नाही.

• अल्पवयीन खेळाडूचं नाव जाहीर करणं बंधनकारक नाही.

• संरक्षित खेळाडू दोषी सापडला तर त्याच्या प्रशिक्षकाची आणि सोबतच्या लोकांची चौकशी आपोआप सुरू व्हायला हवी. मुलाला स्टिरॉइडसारखं द्रव्य देणाऱ्या प्रशिक्षकावर आजन्म बंदी येऊ शकते.

• गांजा, कोकेन, हेरॉइन किंवा एमडीएमए स्पर्धेबाहेर घेतल्याचं आणि त्याचा खेळाशी संबंध नसल्याचं सिद्ध झालं, तर बंदी ३ महिन्यांची असते. उपचार पूर्ण केले तर ती १ महिन्यावर येऊ शकते.

चाचणीला नकार देणं हा मात्र स्वतंत्र गुन्हा धरला जातो. घाबरून मैदानातून निघून जाणं हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

मुलं हा धोका का पत्करतात?

कारण पदकामागे बरंच काही उभं असतं. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना स्पर्धेच्या स्तरानुसार कमाल २५ सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. लातूर आणि नांदेड ही क्लासेसची शहरं आहेत. ज्या मुलाला 'लातूर पॅटर्न'च्या स्पर्धेत जागा दिसत नाही, त्याच्यासाठी मैदान आणि पोलीस भरती हीच दारं उरतात. कोरडवाहू शेती असलेल्या घरात एका प्रमाणपत्राची किंमत किती असते, हे वेगळं सांगायला नको.

याचा फायदा घेणारेही आहेत. शस्त्रक्रियेवेळी रक्तदाब वाढवण्यासाठी वापरलं जाणारं मेफेंटरमाइन इंजेक्शन जिममध्ये विकताना राज्यात अनेकजण पकडले गेले आहेत. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि वाडाच्या यादीतही त्यावर बंदी आहे.

मग शाळेतल्या सगळ्याच मुलांची टेस्ट का करू नये?

या मागणीमागची भीती खरी आहे. एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावात एमडी बनवण्याचा कारखाना पकडला. ११ किलोहून जास्त माल जप्त झाला. त्याच वर्षी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तुळजापूरचं ड्रग्ज प्रकरण राज्यभर गाजलं. मुलांना क्लासेससाठी शहरात, वसतिगृहात ठेवणाऱ्या पालकांना काळजी वाटणारच.

अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला आहे. १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शालेय खेळाडूंच्या अचानक ड्रग टेस्टला परवानगी दिली. २००२ मध्ये ओक्लाहोमातल्या एका प्रकरणात ५ विरुद्ध ४ मतांनी ही मुभा गाणं, वादविवाद अशा सगळ्या अवांतर उपक्रमांतल्या मुलांपर्यंत वाढवली.

परिणाम काय झाला? २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना टेस्ट घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या शाळांत नशेच्या प्रमाणात फरक आढळला नाही. २०१० मध्ये ३६ शाळांच्या सरकारी अभ्यासात थोडा फरक दिसला. टेस्टच्या कक्षेतल्या १६ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात नशा केल्याचं सांगितलं, तर टेस्ट नसलेल्या शाळांतल्या तशाच मुलांत हे प्रमाण २२ टक्के होतं. पण त्याच शाळांतल्या बाकीच्या मुलांवर काहीच परिणाम दिसला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये शाळांत सरसकट टेस्ट घेण्याला विरोध केला.

आणखी एक अडचण आहे. खेळात, गाण्यात, नाटकात रमलेल्या मुलांचीच टेस्ट होणार असेल, तर जे मूल आधीच अडचणीत आहे ते उपक्रमच सोडून देईल. म्हणजे ज्याला मैदानाची सर्वांत जास्त गरज आहे, तेच मैदानाबाहेर जाईल.

भारतात कायदा काय म्हणतो?

शाळांनी विद्यार्थ्यांची सरसकट ड्रग टेस्ट घ्यावी, असं सांगणारा कायदा देशात नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यामुळे एखाद्या शाळेने जबरदस्तीने नमुने घेतले तर तिला न्यायालयात उत्तर द्यावं लागू शकतं.

त्याआधी, डिसेंबर २०१६ मध्ये 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर याच न्यायालयाने मुलांमधल्या व्यसनांचं राष्ट्रीय सर्वेक्षण आणि कृती आराखडा करायला सांगितला. २०१९ मध्ये आलेल्या सरकारी सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांची नशा मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसली. मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, थिनर अशा या वस्तू स्टेशनरीच्या किंवा पंक्चरच्या दुकानात मिळतात.

कायद्याचा रोख विकणाऱ्यांवर आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे.

पालक आणि क्रीडाशिक्षकांनी काय करावं?

• मूल आजारी पडलं तर 'हा खेळाडू आहे' असं डॉक्टरांना आधी सांगा. चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा.

• औषधात बंदी असलेलं द्रव्य आहे का, हे नाडाच्या 'नो युअर मेडिसिन' अॅपवर तपासा.

• दमा किंवा दुसऱ्या आजारासाठी असं औषध घ्यावंच लागत असेल, तर उपचारासाठीची विशेष सूट घेता येते. नियमाप्रमाणे अर्ज करा.

• लेबल नसलेली पावडर, खुली कॅप्सूल, जिममधलं इंजेक्शन मुलाला देऊ नका. 'सगळेच घेतात' हे कारण चालणार नाही.

• वजनगट बदलायचा असेल तर हंगामाच्या सुरुवातीला ठरवा, वजन घेण्याच्या आदल्या रात्री नाही.

• मूल नशेत अडकल्याची शंका असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मुलांसाठीची १०९८ या दोन्हींवर फोन करता येतो. उपचारासाठी स्वतःहून पुढे आलेल्या व्यसनग्रस्तांना एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद आहे.

थोडक्यात सांगायचं तर, राष्ट्रीय स्पर्धेत खेळणाऱ्या शाळकरी मुलाची डोप टेस्ट नाडा घेऊ शकते आणि ती टाळता येत नाही. शाळेतल्या सगळ्या मुलांची सरसकट टेस्ट घेण्याला कायद्याचा आधार नाही आणि तिचा उपयोग होतो असा ठोस पुरावाही नाही. मुलाच्या हातात गोळी किंवा सिरिंज देणारा मात्र बहुतेक वेळा मोठा माणूस असतो आणि त्याची टेस्ट कुणी घेत नाही. त्याच्याकडे पालक आणि क्रीडाशिक्षक यांनाच लक्ष ठेवावं लागेल.