मन्या घरात नव्हता, मग पाणी कोण प्यालं?

मागच्या मे महिन्यात वर्ध्याला मावशीकडे गेलो होतो, तेव्हा एक विचित्र आकडा पाहायला मिळाला. मावसभावाने पुण्याहून तिच्या बोक्यासाठी, म्हणजे मन्यासाठी, पाण्याचं ‘स्मार्ट’ कारंजं पाठवलं होतं. आत छोटा पंप, फिल्टर, टाकीतलं पाणी किती घटलं ते टिपणारा सेन्सर आणि मोबाइलवर रोजचा हिशेब. मन्या दिवसाला अडीचशे मिलिलिटरच्या आसपास पाणी पितो, असं ॲप सांगायचं. घरचे खूश. मग एक दिवस मन्या लघवीला बसून नुसताच कुंथायला लागला. ‘पाणी तर भरपूर पितोय ना,’ म्हणून रात्रभर वाट पाहिली गेली. सकाळी डॉक्टरांनी मूत्रमार्ग अडकल्याचं सांगितलं आणि त्याला दोन रात्री ठेवून घेतलं. बोक्यांमध्ये हे दुखणं जिवावर बेतू शकतं, त्यात तासांचा हिशेब असतो. मन्या थोडक्यात वाचला.

नंतर मी ॲप उघडून मागचे दिवस पाहिले. मन्या दवाखान्यात होता त्या दोन्ही दिवशी त्याने जवळपास तेवढंच पाणी ‘प्यालं’ होतं.

सेन्सर बिघडला नव्हता. टाकीतलं पाणी खरंच कमी झालं होतं, फक्त ते हवेने प्यालं होतं. कारंजाची थाळी २० सेंटीमीटर व्यासाची धरा, म्हणजे उघडा पृष्ठभाग ३१४ चौरस सेंटीमीटर. वऱ्हांड्यात ४५ अंशांच्या आसपासची झळ लागते आहे. अशात दिवसाला नुसतं ८ मिलिमीटर पाणी उडालं, तरी २५१ मिलिलिटर होतं. चार किलोच्या मांजराची दिवसभराची पाण्याची गरज, खाण्यातलं धरून, साधारण २०० मिलिलिटर. म्हणजे मोजायच्या गोष्टीपेक्षा चूकच मोठी!

आता थोडं मागे जाऊ, कारण ही चूक ॲपसोबत आलेली नाही. माणसाने जनावरांसाठी पाणी ठेवल्याच्या नोंदी शोधायला लागलो, की साधनं जवळपास सगळी पाणी ठेवणाऱ्याबद्दल बोलतात. पिणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही.

लंडनमध्ये १८५९ साली सार्वजनिक पिण्याच्या पाण्याची कारंजी उभारणारी संस्था निघाली. पुढे रस्त्यावरचे घोडे आणि बाजाराकडे हाकत नेलेली गुरं यांचे हाल पाहून तिने जनावरांचे हौदही बांधायला घेतले आणि १८६७ मध्ये आपल्या नावात ‘कॅटल ट्रफ’ हे शब्द जोडले. मुंबईत व्यापाऱ्यांनी हेच दानधर्माच्या आपल्या रीतीने केलं. मस्जिद बंदरजवळ भातबाजारात १८७६ चं केशवजी नाईक कारंजं आजही आहे. शहरातल्या जुन्या दगडी पाणपोया नीट पाहिल्या, तर अनेकींना माणसांसाठी वर धार आणि बैल-घोड्यांसाठी खाली कुंडी अशी रचना दिसते. दगडावर काय कोरलेलं असतं? दात्याचं नाव, कोणाच्या स्मरणार्थ, साल. कारंजं इतिहासात शिल्लक राहतं ते त्या पाटीमुळे. भातबाजारात गाड्या ओढून आलेला बैल त्या कुंडीत तोंड घालायचा की वास घेऊन मागे सरायचा, याला पाटीवर जागा नसते.

आणि मागे सरला असता तर बैलाचं चुकलं नसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही अमेरिकन शहरांनी घोड्यांचे सार्वजनिक हौद बंद केले, कारण एकाच पाण्यात तोंड घालून घोड्यांना ग्लँडर्स हा रोग होत होता. दानपत्रात पुण्य आणि साथीच्या नोंदीत रोग, पण हौद तोच. अभिलेखागारात बसणाऱ्यांनी दोन्ही फायली मागवाव्यात. आजच्या कारंजातला फिल्टर याच भीतीचा वारस आहे. मात्र तो आणि पंप वेळच्या वेळी धुतला नाही तर आत बुळबुळीत थर चढतोच.

वर्ध्यात जनावराच्या पाण्याची जागा म्हणजे विहिरीजवळची हाळ किंवा डोणी. मोटेचं पाणी पाटात जायचं, थोडं हाळीत वळायचं. आर्वी-कारंजा भाग हा गवळाऊ गाईबैलांचा. पांढरी, सडपातळ, झपझप चालणारी जात. जिल्ह्याचं गॅझेटिअर आर. व्ही. रसेलने संपादित केलं, १९०६ मध्ये. अशा ग्रंथांत जनावरांची जात, संख्या, किंमत शोधायची. १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्यात गोसेवा संघाच्या कामाला वाहून घेतलं, त्या कामाचा हिशेबही गाय आणि दूध यांचाच. यात गैर काही नाही. दूध विकलं जातं म्हणून मोजलं जातं, पाणी विकत नव्हतं.

पण पिणं बघणारा माणूस होता. बैल पाण्यावर नेला की शेतकरी शीळ घालतो, हे विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात ऐकायला मिळेल. बैल पीत असताना त्याची नजर बैलाच्या गळ्यावर असते. घोट उतरतात का, दोन घोट घेऊन मान वर केली का, कुशीची खळगी भरली का. बैल पाण्याला तोंड लावत नाही म्हटलं की त्या दिवशी औत सुटलं. हे निरीक्षणच आहे, आणि माझ्या मते ॲपपेक्षा चांगलं, कारण ते पिणाऱ्यावर आहे. अडचण एवढीच की शीळ घालणाऱ्याने वही ठेवली नाही.

जंगलातही हाच पेच आहे. बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. विदर्भातल्या अशा जंगलांत उन्हाळ्यात कृत्रिम पाणवठे भरतात, बरेचसे सौर पंपावर. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाण्यावर आलेले प्राणी मोजायची परंपराही आहे. मोजलं जातं येणं. ‘आला’ आणि ‘प्याला’ यांत फरक आहे, आणि सेन्सरने मांजर जवळ आल्याच्या वेळा मोजणारी कारंजी नेमकी इथेच घसरतात.

मग मांजरांसाठी वाहतं पाणी ही कल्पना आली कुठून? पाळीव मांजराचा पूर्वज कोरड्या प्रदेशातला रानमांजर. शिकारीतूनच बरंचसं पाणी मिळवायचं आणि लघवी घट्ट करून ते राखायचं, ही त्याची सवय. सुक्या दाण्यांवर वाढणाऱ्या घरच्या मांजराला ती महागात पडते. काही मांजरं नळाच्या धारेवर पितात, हे पाहून अमेरिकेत मेरी बर्न्स या पशुवैद्य बाईंनी १९९० च्या दशकात पंपाचं कारंजं केलं, आणि पुढे त्याचा बाजार झाला. ‘वाहतं पाणी दिलं की मांजर जास्त पितं’ हे वाक्य तेव्हापासून खोक्यांवर छापलं जातंय.

तपासलं गेलं ते उशिरा. डेव्हिड ग्रँट यांनी २०१० मध्ये वाडगा आणि कारंजं यांची तुलना केली. कारंजावर पिणं किंचित वाढलं, पण लघवी म्हणावी तशी पातळ झाली नाही. २०१९ च्या आणखी एका अभ्यासात स्थिर, वरून पडणारं आणि फिरतं पाणी असे तिन्ही प्रकार दिले. गट म्हणून फरक नाही, एकेका मांजराची आवड मात्र वेगळी. ग्रँट यांच्या कामातली मला आवडलेली गोष्ट ही, की ते वाडग्यापाशी थांबले नाहीत. त्यांनी लघवी तपासली, म्हणजे साक्ष पिणाऱ्याच्या शरीराकडून घेतली.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी एक पडताळा देतो, यंत्राशिवाय होणारा. २०१० मध्येच ‘सायन्स’मध्ये मांजर पाणी कसं पितं यावर एक सुंदर निबंध आला होता. जिभेचं टोक पाण्याला टेकवून मांजर पाण्याचा बारीक स्तंभ वर खेचतं आणि तो तुटायच्या आत तोंड मिटतं, सेकंदाला साधारण ४ वेळा. एका वेळी येतं सुमारे एक दशांश मिलिलिटर. म्हणजे २५० मिलिलिटरला २५०० चाटण्या, ६२५ सेकंद, दहा मिनिटांहून जास्त. मावशीला विचारलं, मन्या दिवसभरात एवढा वेळ कारंजावर असतो का? ती म्हणाली, ‘अरे, तो तर तिथे झोपायला जाते. गार लागते नं!’

दुसरा पडताळा त्याहून सोपा. तसंच दुसरं भांडं शेजारी ठेवायचं, वर जाळी टाकायची, दोन्ही रोज वजन करायची. जाळीखाली जेवढं घटलं तेवढं हवेचं. मन्याच्या दवाखान्यातल्या दोन रात्रींनी हा प्रयोग आमच्यासाठी नकळत करून दिला होता, फक्त वाचायला उशीर झाला.

कारंजं अजून वऱ्हांड्यात आहे, वीज असली की चालतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मन्याला आता ओलं खाणं मिळतं, आणि वरून पाणी प्यायचंच झालं तर तो माठाखालच्या परळातलं पितो. कालनिर्णयावर दुधाच्या खुणा करायच्या चौकटीतच मावशी आता मन्याच्या वाळूतले लघवीचे गोळे मोजून आकडा लिहिते. काल फोनवर सांगत होती, तीन.