पंख्याची दोरी आणि पेटंटची कचेरी

कोलकात्याच्या साहेबी बंगल्यांत छताला लांबलचक झालरीचा पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीतून बाहेर काढलेली, आणि व्हरांड्यात बसलेला पंखावाला ती तासन्‌तास ओढत राहायचा. त्याला डुलकी लागली की आत साहेबाला घाम फुटायचा. ग्रँट्स लेनमधल्या ७ नंबरच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या सिव्हिल इंजिनिअरनं ही दोरी ओढणारं यंत्र काढलं. पंखावाल्याच्या पोटाचं काय, हे पेटंटच्या अर्जात तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आजही विचारत नाही.

नव्या वस्तूच्या शोधकाला १४ वर्षांचा एकाधिकार देणारा कायदा २८ फेब्रुवारी १८५६ ला झाला. ब्रिटनच्या १८५२ च्या कायद्यावर तो बेतलेला होता. चारच दिवसांनी, ३ मार्चला, डीपेनिंगचा अर्ज हजर! कायदा येतोय याची कुणकुण गड्याला आधीच लागली असणार. पेटंट ऑफिस नव्हतं, अर्ज थेट सरकारकडे. २ सप्टेंबरला त्यानं आकृत्यांसह सगळा तपशील दिला आणि हिंदुस्थानातलं पहिलं पेटंट त्याच्या नावावर लागलं.

गंमत पुढेच आहे. १८५७ मध्ये तो कायदाच रद्द झाला, कारण तो करताना राणीची मंजुरी घ्यायची राहिली होती. शोधकांकडून चोख कागद मागणाऱ्या सरकारचाच कागद कच्चा निघाला. १८५९ मध्ये नवा कायदा आला. त्यात उपयुक्त शोधांनाच हक्क मिळू लागला आणि बाहेरून नुसती वस्तू आणणारा शोधक ठरेनासा झाला.

विजेच्या पंख्यानं पुढे दोरी आणि यंत्र दोन्ही निकालात काढली. टिकला तो कागदाचा व्यवसाय. डीपेनिंग अँड डीपेनिंग ही फर्म आपली स्थापना १८५६ चीच सांगते, आणि चेन्नईतून आजही इतरांचे पेटंट अर्ज चालवते. या कामातलं खरं कसब ‘दावे’, म्हणजे शोधातलं नेमकं काय आपल्या हक्काचं ते, लिहिण्यात. दावा ऐसपैस मांडला तर तो जुन्या कुठल्यातरी शोधावर आदळतो. आखडून मांडला तर प्रतिस्पर्धी एखादा भाग बदलून निसटतो. त्यासाठी आधी यंत्र कळावं लागतं. म्हणूनच पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, वकिलीची सनद नसली तरी चालते.