राउमपात्रूल्ये ओरिऑन

राउमपात्रूल्ये ओरिऑन : पश्चिम जर्मनीतील कृष्णधवल विज्ञानकथा-मालिका. ‘राउमपात्रूल्ये’ म्हणजे अंतराळ-गस्त. ‘एआरडी’ वाहिनीवर १७ सप्टेंबर ते १० डिसेंबर १९६६ या काळात, दर पंधरवड्याला एक असे तिचे सात भाग दाखवले गेले. पहिला भाग आला तेव्हा अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. रोल्फ होनोल्ड याच्या कल्पनेवरून म्युनिकच्या बाव्हारिया संस्थेने मालिका तयार केली. दिग्दर्शन मिखाएल ब्राउन व थिओ मेट्झगर यांचे, संगीत पेटर थॉमस याचे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्यामुळे मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला ही मालिका त्या काळी आलीच नाही.

कथा इ. स. ३००० च्या सुमाराची. राष्ट्रे संपलेली आहेत, पृथ्वी व तिच्या वसाहती एकाच शासनाखाली आहेत. ‘ओरिऑन’ या वेगवान यानाचा प्रमुख क्लिफ अ‍ॅलिस्टर मॅक्लेन (डीटमार शोनहेर) हुकूम मोडून एका ग्रहावर यान उतरवतो. शिक्षा म्हणून त्याची बदली गस्तीच्या कामावर होते आणि त्याच्यावर नजर ठेवायला गुप्तचर खात्याची अधिकारी टमारा यागेलोव्स्क (एव्हा फ्लुग) यानावर येते. तिच्या हाती ‘आल्फा-आदेश’ आहे. तो दिला की यानाच्या प्रमुखालाही मान तुकवावी लागते. मालिकेतले नाट्य या एका नेमणुकीतून उभे राहते. मॅक्लेनची बांधिलकी सोबतच्या माणसांशी आहे, टमाराची नियमांशी. पहिल्याच भागात एमझेड-४ या दूरच्या ठाण्यावर हासो सिगब्यॉर्नसन आणि आतान शुबाशी हे दोन सहकारी अडकतात, तेव्हा हा ताण प्रत्यक्ष जिवावर बेततो. पुढच्या भागांत टमारा हळूहळू सहकाऱ्यांच्या बाजूने विचार करू लागते, पण आपले काम सोडत नाही. तिला नुसती प्रेमात पडणारी नायिका करून टाकले नाही, ही लेखकांची मोठी जमेची बाजू.

निष्ठा माणसांशी की नियमांशी, या प्रश्नाकडे १९६६ च्या जर्मनीतून पाहायला हवे. ‘आम्ही फक्त हुकूम पाळला’ हा बचाव नाझींवरील न्यूरेंबर्गच्या खटल्यात टिकला नव्हता. १९५५ साली उभ्या राहिलेल्या नव्या सैन्याने ‘गणवेशातील नागरिक’ हे सूत्र स्वीकारले होते. डोके वापरून हुकूम मोडणारा अधिकारी नायक म्हणून समोर आला तो अशा वातावरणात. तरीही मालिकेत सलाम, गणवेश आणि हुद्दे जागोजागी आहेत, आणि लष्करी थाटाचा आरोप तिच्यावर तेव्हाच झाला. तो अगदी निराधार नाही. मात्र सलाम ठोकणारी ही माणसे एकमेकांशी आणि वरिष्ठांशी वादही घालतात, हे आरोप करणाऱ्यांनी पुरेसे लक्षात घेतले नाही.

निष्ठेचा प्रश्न पुढेही येतो. चौथ्या भागात पृथ्वीचे अधिकारी याने घेऊन परग्रहवासी शत्रूकडे जाऊ लागतात. ते गद्दार नसतात. ‘टेलिनोझ’ किरणांनी दुरूनच त्यांच्या मनाचा ताबा घेतलेला असतो. सातव्या भागात हीच गत खुद्द गुप्तचर प्रमुख कर्नल व्हिला (फ्रीड्रिख योलोफ) याची होते. ज्याने सगळ्यांच्या निष्ठेवर पाळत ठेवायची, त्याचीच निष्ठा दुसऱ्याच्या ताब्यात जावी, ही मालिकेतली सर्वांत धारदार कल्पना आहे.

शत्रू म्हणजे ‘फ्रॉग्ज’. नाव बेडकांचे असले तरी पडद्यावर दिसतात त्या माणसाच्या उंचीच्या, चमचमणाऱ्या, चेहरा नसलेल्या आकृती. त्यांची भाषा, घरदार, रीतिरिवाज, लढण्यामागचे कारण यांतले काहीच कळत नाही. ‘स्टार ट्रेक’मध्ये स्पॉकसारखे दोन संस्कृतींत वाटले गेलेले पात्र पहिल्यापासून आहे, ‘ओरिऑन’ला तसे कुणी सुचले नाही. परक्यांची संस्कृती रंगवण्यात मालिका इथे उणी पडते, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

खरी परकी संस्कृती भेटते ती पाचव्या भागात, आणि तीही माणसांचीच असते. क्रोमा ग्रहावर पृथ्वीवरून गेलेल्यांचे वंशज राहतात आणि सत्ता स्त्रियांच्या हाती आहे. आपला ग्रह वाचवण्यासाठी ते सूर्याची उष्णता वाढवत असतात. पृथ्वी त्यामुळे तापू लागलेली असते. तंटा सुटतो तो बोलण्यातून. ‘ती’ एवढ्याच नावाने ओळखली जाणारी तिथली शासक (मार्गोट ट्रोगर) आणि मॅक्लेन समोरासमोर बसतात, तेव्हा मॅक्लेनला प्रथमच आपले म्हणणे पटवून द्यावे लागते. पृथ्वीवरही वेगवान यानांची प्रमुख लिडिया फान डाइक ही स्त्री जनरल आहे (शार्लोटे केर). प्रत्यक्षातल्या जर्मन सैन्यात स्त्रियांना डॉक्टर म्हणून प्रवेश मिळाला तो १९७५ साली आणि सर्व दले खुली झाली २००१ साली. परकेपणाचा आणखी एक नमुना म्हणजे तिसऱ्या भागातले, स्वतःच्या तर्काने चालणारे यंत्रमानव : माणसाला इजा होऊ द्यायची नाही हा त्यांचा नियम, आणि माणसेच एकमेकांवर उठल्यावर ते कारभार आपल्या हाती घेतात.

नेपथ्य रोल्फ त्सेहेटबाउअर याचे; पुढे ‘कॅबरे’ या चित्रपटासाठी त्याला ऑस्कर मिळाले. ओरिऑनच्या नियंत्रण-फलकावर कपड्यांच्या इस्त्रीची मूठ सरळ दिसते. नळाचे सुटे भाग आणि पेन्सिलीची टोकयंत्रेही त्याने उपकरणे म्हणून बसवली. यान समुद्रतळाशी असलेल्या तळावरून भोवऱ्यातून वर निघते, हे दृश्य जर्मन प्रेक्षकांच्या पिढ्यांना पाठ आहे.

मालिका लोकप्रिय होती, पण खर्चिकही होती, आणि पुढचे भाग निघाले नाहीत. हान्स क्नाइफेल याने कथा स्वस्त कादंबऱ्यांतून पुढे नेली. २००३ मध्ये जुन्या भागांतून चित्रपट तयार झाला. अंतराळातला हा अधिकारी रंगवणारा शोनहेर १९८० च्या दशकात शांतता चळवळीत उतरला आणि निकाराग्वात त्याने कवी एर्नेस्तो कार्देनाल यांच्यासोबत सांस्कृतिक केंद्र उभारले. सातही भाग पाहायला सवड नसेल, तर वाचकाने पहिला, चौथा व पाचवा एवढे तरी जरूर पाहावेत.