चित्रपट, चर्चा आणि नागरी हक्कांचा इतिहास

अर्वाचीन इतिहासाच्या साधनांत चित्रपटास कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा अभ्यास करताना टाळता येत नाही. हा लढा चालू असतानाच त्याचे चित्रण झाले, आणि पुढील पिढ्यांस तो बहुतांशी पडद्यावरूनच परिचित झाला.

या दृष्टीने हेन्री हॅम्प्टन यांच्या ‘आइज ऑन द प्राइज’ या माहितीपट-मालिकेचा वृत्तान्त उद्बोधक आहे. तिचे पहिले सहा भाग १९८७ मध्ये व उर्वरित आठ १९९० मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून प्रसृत झाले. त्यांत जुनी वृत्तचित्रे, छायाचित्रे व गीते वापरलेली होती. परंतु त्यांचे परवाने ठरावीक मुदतीचे होते. त्या मुदती संपताच पुनःप्रक्षेपण व विक्री दोन्ही थांबली. ज्यांचा हा इतिहास, त्यांनाच तो पाहणे दुरापास्त झाले. तेव्हा फेब्रुवारी २००५ मध्ये कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी मालिकेचे सामूहिक खेळ केले. पुढे अनुदाने मिळून परवान्यांचे नूतनीकरण झाले व २००६ मध्ये पहिले सहा भाग पुन्हा प्रक्षेपित झाले. २०१३ मध्ये तर मानव्यविद्यांस साहाय्य देणाऱ्या अमेरिकेच्या संघीय संस्थेनेच चार माहितीपट ग्रंथालयांसारख्या स्थानिक संस्थांस चर्चेसाठी उपलब्ध करून दिले.

त्यांपैकी स्टॅन्ली नेल्सन यांचा ‘फ्रीडम रायडर्स’ येथे उदाहरणादाखल घेऊ. ४ मे १९६१ रोजी तेरा प्रवासी वॉशिंग्टनहून दक्षिणेकडे निघाले; १४ मे रोजी अ‍ॅनिस्टनजवळ त्यांची एक बस जाळण्यात आली. पहिल्या तुकडीचा बसप्रवास खंडित होताच नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी तो पुढे चालविला. पेटलेली बस प्रेक्षकास दिसते. परंतु ती पाहूनही हे विद्यार्थी मागे का हटले नाहीत, हे केवळ त्या दृश्यावरून उमगत नाही. त्यासाठी जेम्स लॉसन यांनी नॅशव्हिलमध्ये चालविलेल्या अहिंसेच्या शिक्षणवर्गांकडे वळावे लागते. हेच लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते. तेथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराची वार्ताही त्यांनी नागपुरातच वृत्तपत्रात वाचली. चर्चेचे प्रयोजन नेमके येथे आहे: दृश्य घटना दाखविते, तर प्रश्न तिच्या कारणांकडे नेतात.

अर्थात सामूहिक चर्चेलाही मर्यादा आहेत. चित्रपट हा निवड व संकलन यांतून सिद्ध होतो. प्रेक्षकांत बसलेल्या वृद्धाची आठवणही कालांतराने बदललेली असू शकते. म्हणून दोहोंची न्यायालयीन निर्णय, पत्रव्यवहार व समकालीन वृत्तपत्रे यांच्याशी तुलना केली पाहिजे. तथापि ज्या माणसांची नावे दप्तरांत क्वचितच आढळतात, त्यांची साक्ष अशा सभेतच प्रथम ऐकू येण्याचा संभव असतो. ती त्याच वेळी नोंदवून ठेवली नाही, तर ती त्या माणसांबरोबरच नाहीशी होते. अभ्यासकाने अशा खेळास प्रेक्षक म्हणून जावेच. पण टिपणवही बरोबर घेऊन जावे.